मदत हवी आहे: मावशीला गोव्यातला नाताळ दाखवायचाय, किनारे नकोत

कुळागरवासी

नमस्कार मंडळी,

माझी मावशी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं यंदा नाताळात मिरजेहून आमच्याकडे फोंड्याला येताहेत. २३ डिसेंबरला संध्याकाळी पोचतील, २८ला सकाळी निघतील. गाडी त्यांची स्वतःची, बेळगावहून चोर्ला घाटाने येणार. मावशीने पंच्याहत्तरी ओलांडलीय. गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत, पण सपाट जागी काठी टेकत बरंच चालते. मुलं आठ आणि बारा वर्षांची.

मावशीचं बालपण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास गेलं. तिथे ऐकलेली मराठी नाताळगीतं तिला आजही पाठ आहेत. परवा फोनवर तिने बजावलंच, "समुद्र मी गणपतीपुळ्याला पाहिलाय, तो नको दाखवूस. तुमच्याकडे नाताळ कसा करतात ते मला बघायचंय."

इथेच माझी अडचण आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही देवळं मी कुणालाही डोळे मिटून फिरवून आणेन. नाताळ मात्र मी शेजाऱ्यांच्या अंगणापलीकडे पाहिलेला नाही. शेजारचा मुलगा दरवर्षी व्हरांड्यात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा करतो. आठ-दहा दिवस आधीच उथळ ताटात माती पसरून धान्य रुजत घालतो, म्हणजे नाताळापर्यंत बोटभर उंचीचं हिरवं शेत तयार होतं. मग त्यात आरशाच्या तुकड्याचं तळं, गवताचं छप्पर, मेंढरं आणि शेवटी बाळ येशू. बाळाची जागा २४च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्याकडून त्यांच्याकडे नेवऱ्या जातात, नाताळात त्यांच्याकडून कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं ताट येतं. एवढंच मला ठाऊक.

बाहेरून आलेल्यांना कळंगुट-बागाच माहीत असतं आणि त्या आठवड्यात तिथे गाडी तासन्‌तास अडकते. मावशीला त्या गर्दीत न्यायची माझी अजिबात इच्छा नाही. गोव्याचा डिसेंबर म्हणजे पार्टी, हे मुलांच्या डोक्यात आत्ताच बसू नये असंही मनापासून वाटतं.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. मध्यरात्रीच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) आमच्यासारखं हिंदू कुटुंब जाऊन बसलं तर चालतं का? तिथे वागायचं कसं? फोंड्याहून जवळ पडेल असं, पर्यटकांनी न भरलेलं गाव कोणतं? जुनं गोवं कधी करावं? आणि मावशी अंडं खात नाही, मग कुस्वारातलं तिला काय चालेल?

साष्टीवाला

ताई, आधी तुमच्या मोठ्या शंकेबद्दल. मिसेला कुणीही येऊन बसू शकतं, आमच्या गावात दरवर्षी हिंदू शेजारी येतात. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे असावेत, फोन बंद ठेवावेत आणि शक्यतो मागच्या बाजूला बसावं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, मावशींनी बसून राहिलं तरी कुणी काही म्हणणार नाही. एक गोष्ट मुलांना आधीच समजावून सांगा. शेवटाकडे लोक रांगेने पाद्रीकडे जाऊन पवित्र भाकरी घेतात, ती फक्त कॅथलिकांसाठी असते. त्या रांगेत न जाता जागेवर शांत बसायचं. मुलं प्रसाद समजून उठतात, म्हणून सांगतोय.

पण खरं सांगू? मावशींना रात्रीच्या मिसेला नेऊ नका. गर्दी मोठी असते, बऱ्याच ठिकाणी आवारात खुर्च्या मांडलेल्या असतात आणि डिसेंबरात रात्री उशिरा दंव पडतं. त्यापेक्षा २५ला सकाळची मिसा गाठा. गाव तेच, गाणी तीच, वर बसायला नीट बाक. मिसा कोंकणीत असते, मिरजेच्या माणसाला निम्मी तरी सहज कळेल.

गाव म्हणाल तर बोरीचा पूल ओलांडला की लोटली. जुनी मोठी घरं, दाट झाडी आणि चर्चसमोर मोकळी जागा. तिथून पुढे कुडतरी. तिथलं सेंट अलेक्स चर्च तळ्याकाठी आहे, फार सुंदर जागा. आणखी पुढे चांदोर. कदंबांची चंद्रपूर राजधानी ती हीच. तिथलं ब्रागांझा घर बघता येतं, मात्र जिना चढावा लागतो, तेव्हा मावशींना विचारून ठरवा. २४च्या संध्याकाळी अंधार पडल्यावर या तिन्ही गावांतून नुसती गाडी हळूहळू फिरवा. दारोदारी नखेत्रं (चांदणीच्या आकाराचे कंदील) लावलेली असतात, वाड्यावाड्यांवर गोठे मांडलेले असतात. गोठा बघायला थांबलात तर घरातली माणसं बाहेर येऊन बोलतातच.

मांडवीतीर

जुनं गोवं २५ला अजिबात करू नका, २६ला सकाळी लवकर जा. बासिलिका ऑफ बॉम जेझूस १६०५ साली पवित्र केलेलं आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव तिथेच आहे. त्यांचं फेस्त (चर्चचा सण) ३ डिसेंबरला होऊन गेलेलं असतं. समोरच से कॅथेड्रल. दोन्हींच्या मधे फक्त रस्ता आहे, मावशींना जमेल.

पण तिथूनच परत फिरू नका, ही माझी आग्रहाची विनंती. गाडीसकट फेरीबोटीत चढा आणि दिवाडीला उतरा. बेटावर शेतं, शांत रस्ते, टेकडीवर पियेदादचं चर्च. गाडी वरपर्यंत जाते आणि वरून मांडवीचं पात्र दिसतं. मग दुसऱ्या बाजूच्या फेरीने नार्व्याला जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. बारा वर्षांच्या मुलाला हे पुस्तकात वाचून जे कळणार नाही, ते फेरीतून नदी ओलांडताना कळेल. नार्व्याहून डिचोलीमार्गे फोंडा, संध्याकाळी घरी.

पणजीत फोंतेन्हाश ही जुनी वस्ती बघायची असेल तर तेही सकाळीच. तिथे लोक राहतात. त्यांच्या दारात आणि पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचा त्यांना फार त्रास होतो, तेवढं सांभाळा.

दोदोलप्रेमी

खाण्याचं मी सांगते. बेबिंका मावशींना चालणार नाही, त्यात अंड्याचे बलक भरपूर असतात. एकेक थर वरून आच देऊन भाजतात, म्हणून तो करणं हे दिवसभराचं काम. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, इतरांनी जरूर खा. मावशींसाठी दोदोल. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ आणि नारळाचं दूध, अंडं नाही. दोससुद्धा चालेल, तो चणाडाळ आणि खोबऱ्याचा. नेवऱ्या तर आपल्या करंज्याच. कुलकुलात (तळलेल्या गोड शंखाळ्यांत) काही जणी अंडं घालतात, बोलिन्ह्यातही (खोबऱ्याच्या बिस्किटांत) असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय देऊ नका. दुकानातल्या डब्यांपेक्षा घरी करून विकणाऱ्या बायकांकडून घ्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या बाजारात मिळतात.

पाव्हणा

मुक्काम ६ जानेवारीपर्यंत वाढवता आला तर बघा. त्या दिवशी रेइश मागुश, चांदोर आणि कासावलीजवळच्या कुएलीत तीन राजांचं फेस्त असतं. राजांचा पोशाख केलेली मुलं मिरवणुकीने निघतात. लहान मुलांना याहून आवडेल असं काही मला सुचत नाही.

कुळागरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांची शाळा लगेच सुरू होते, त्यामुळे तीन राजांचं फेस्त यंदा जमणार नाही. २४ला संध्याकाळी लोटली-कुडतरीचे गोठे, २५ला लोटलीत सकाळची मिसा, २६ला जुनं गोवं-दिवाडी-नार्वे हे नक्की केलं. २७ला मावशीला आराम, घरीच.

@साष्टीवाला, लोटलीच्या सकाळच्या मिसेची वेळ कुठे कळेल? आणि रिकाम्या हाताने कसं जायचं, आमच्याकडून काय न्यावं?

साष्टीवाला

वेळ चर्चच्या फलकावर लावतात, २३-२४ला तिकडून जाताना वाचून या. मिसेला काही न्यायचं नसतं. गोठा दाखवणाऱ्या घरी द्यायला फोंड्याची केळी किंवा कुळागरातली (बागायतीतली) जायफळं न्या. आणि मिसा संपल्यावर लगेच निघू नका. लोक आवारातच एकमेकांना भेटतात. मावशींना तिथे थोडा वेळ बसवा, गावातल्या म्हाताऱ्या आपणहून बोलायला येतील. मिरजेची नाताळगीतं त्यांना जरूर ऐकवा म्हणावं.