ए-२०३ चे कुलूप आणि मनालीचा बर्फ

बी-१०४ ताई, सकाळी ७.१२
सर्व सभासदांना नमस्कार. मनालीला गेलेल्या ए-२०३ च्या काका-काकूंकडून गुरुवारच्या रात्रीपासून काहीही निरोप आलेला नाही आणि दोघांचेही फोन बंद लागत आहेत. मनालीत मोठा बर्फ पडल्याचे काल बातम्यांत दाखवले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, तुळशीला पाणी मीच घालते, त्यांचे टपालही मीच ठेवून घेते. आता काळजीही मी एकटीनेच करायची का, एवढेच विचारायचे आहे. त्यांच्या मुलीचा नंबर कोणाकडे असल्यास कृपया कळवावा.

सी-३०१ सिस्टर, ७.१५
थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळतसुद्धा नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.

सी-१०२, ७.१९
सिस्टर, आपल्या सोसायटीत शेगडी आहे तरी कोणाकडे? सोलापुरात थंडीत पेटते ती हुरड्याची आगटी, आणि तीही उघड्या शेतात.

ए-४०१ चेअरमन, ७.३१
काका-काकू सुखरूप असतील याची मला खात्री आहे. मात्र दिवाळीला निघताना काकांनी ‘महिनाभरात परततो’ असे जिन्यात सर्वांसमक्ष सांगितले होते, याची आठवण करून देणे मला भाग आहे. सोसायटीच्या हिशेबाची वही त्यांच्या कपाटात आहे आणि त्यापायी सभा दोनदा पुढे ढकलावी लागली आहे.

बी-१०४ ताई, ७.३३
चेअरमनसाहेब, माणसांचा पत्ता नसताना आपल्याला वही सुचते, याचे मला नवल वाटत नाही.

बी-२०२ सेक्रेटरी, ७.४०
वैयक्तिक शेरे टाळावेत, ही विनंती. बर्फ ओला आणि जड असला की देवदाराच्या फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडतात. वीज गेली की घरातले फोन उतरतात आणि काही तासांनी टॉवरही बंद पडतो. फोन लागत नाही याचा अर्थ बहुधा इतकाच असावा.

बी-३०४ सर, ७.५२
सेक्रेटरींच्या म्हणण्यात तथ्य आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयाला येऊन भिडतात, आणि जो पाऊस खालच्या पंजाबात गव्हाला हवाहवासा वाटतो तोच वर बर्फ होऊन पडतो. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, तर आपले सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर. त्यामुळे जानेवारीत तेथे बर्फ पडला, यात बातमी अशी काही नाही.

सी-१०२, ७.५४
सर, तास संपल्याची घंटा झाली की कळवावे.

बी-३०४ सर, ७.५५
दहावीला भूगोलात कोणाला किती गुण होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

सी-३०१ सिस्टर, ८.०२
माझा मूळ निरोप वर गेला म्हणून पुन्हा देत आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये.

ए-२०३ काका, ९.०४
सर्वांना सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे, मुलगी, जावई आणि नात असे सगळे सुखरूप आहोत. शुक्रवारी पहाटेपासून बर्फ पडत होता, दुपारी वीज गेली ती आज सकाळी आली. अंगणात गुडघाभर बर्फ आहे. नळ गोठू नयेत म्हणून रात्री सगळे नळ थेंब थेंब गळते ठेवायचे असतात, ही इथली पहिली शिकवण. परंतु एका नळाला माझ्या सोलापुरी सवयीने मी घट्ट आवळून बंद केले आणि नेमकी तीच नळी गोठली. मग बादलीत बर्फ भरून तंदूरवर ठेवला. इथे तंदूर म्हणजे रोटीचा नव्हे. खोलीच्या मधोमध लोखंडी चूल असते, तिचे नळकांडे छतातून बाहेर काढलेले असते आणि सगळे घर तिच्याभोवती बसते. ताज्या भुसभुशीत बर्फाची काठोकाठ बादली वितळली की तळाशी दोन तांब्यांहून जास्त पाणी उरत नाही, हे मी या वयात शिकलो.

बी-१०४ ताई, ९.०५
काका, देवाची कृपा. एक मिस्ड कॉल तरी द्यायचा होता.

ए-२०३ काका, ९.१३
ताई, चूक मान्य आहे. पण खरे सांगू का, मला अडकल्यासारखे वाटलेच नाही. अंदमानात तेरा वर्षे काढलेल्या माणसाला दोन दिवस म्हणजे काय? मद्रासहून जहाज निघाले की पोर्ट ब्लेअरला पोहोचायला तीन दिवस घ्यायचे, आणि हवा बिघडली की किती दिवस लागतील हे कप्तानालाही सांगता येत नसे. बंदरात जहाज लागले की ॲबर्डीन बाजारात कांदा-बटाटा यायचा, तोवर कांद्याविना भाजी करायची. तारखात्यात नोकरी असूनही घरी ट्रंक कॉल लावायला मला रांग चुकली नव्हती. तरीही ते दिवस सोन्यासारखे होते. बारा महिने एकच सदरा अंगावर, रात्री पांघरूण नाही, कामावरून सुटल्यावर कॉर्बिन्स कोव्हच्या पाण्यात पाय सोडून बसायचे, आणि घरापुढच्या नारळाचे पाणी पैसे न मोजता प्यायचे.

ए-४०१ चेअरमन, ९.१६
काका, आपण सुखरूप आहात हे वाचून आनंद झाला. अंदमानचा विषय निघाला की हिशेबाचा राहून जातो, हा आजवरचा अनुभव असल्यामुळे नम्रपणे विचारतो : वही कोठे आहे?

सी-१०२, ९.१८
काका, पोर्ट ब्लेअर म्हणू नये. २०२४ पासून ते श्री विजयपुरम झाले आहे, आणि तुमचे हॅवलॉक बेटही २०१८ मध्येच स्वराज द्वीप झाले.

ए-२०३ काकू, ९.२१
नाव बदलले ते चांगलेच झाले, पण माझ्या ट्रंकेत सासूबाईंच्या पत्रांवर शिक्का पोर्ट ब्लेअरचाच आहे, तो मी कसा बदलू? आणि यांनी वर जे लिहिले आहे ते अर्धेच आहे. यांच्या आठवणीतल्या बेटावर कधी पाऊसच पडत नाही. तिथे मे महिन्यात जो पाऊस लागायचा तो परतीच्या पावसासह डिसेंबरपर्यंत पाठ सोडायचा नाही. चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी, पैठणीच्या घडीला वास, मीठ बरणीत पाणी होऊन बसलेले. तेरा वर्षांत मी तिथे एकदाही पापड वाळवू शकले नाही. सोलापुरात गच्चीवर सकाळी घातलेला पापड संध्याकाळी डब्यात जातो, त्याची किंमत मला त्या बेटावर कळली.

बी-३०४ सर, ९.२६
वहिनींचे निरीक्षण अचूक आहे. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्या मानाने फारच थोडा पडतो. शिवाय चहूकडे पाणी असल्याने समुद्र दिवसाची उष्णता सावकाश घेतो आणि रात्री सावकाश सोडतो, म्हणून तेथे थंडी अशी पडतच नाही. आपण समुद्रापासून दूर. आपल्याकडे जानेवारीत दुपारी घाम येतो आणि पहाटे दात वाजतात.

ए-२०३ काकू, ९.३०
सर, तुमचे ते सगळे मी खोबरेल तेलाच्या बाटलीत पाहिले आहे. अंदमानात तेल कधी गोठले नाही. सोलापुरात जानेवारीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. इथे मनालीत ती दगडासारखी झाली आहे, सुरीच्या टोकाने कोरून काढते आणि तळव्यावर चोळून नातीच्या केसांना लावते. सोबत आणलेल्या दोन्ही सोलापुरी चादरी रजईच्या खाली घातल्या आहेत, वर पांघरायला त्यांचा काही उपयोग नाही.

बी-२०२ सेक्रेटरी, ९.३२
काकू, आमच्या तीन पिढ्या यंत्रमागावर गेल्या आहेत. सोलापुरी चादर सोलापूरच्या थंडीसाठी विणलेली आहे, हिमालयाच्या नव्हे. तिला नावे ठेवू नयेत.

ए-२०३ काकू, ९.३३
नावे ठेवत नाही हो. खाली घातली आहे म्हणूनच पाठ शेकते.

ए-२०३ काका, ९.४१
आमच्या सौ. पापडावर फार लवकर रागावतात. पाऊस होता, हे मी नाकारत नाही. पण तिथली संध्याकाळ आठवा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडायचा, साडेपाचला दिवे लागायचे आणि आठ वाजता सगळे बेट जेवून झोपलेले असायचे.

सी-१०२, ९.४३
बेट लहान असल्यामुळे सूर्यालाही तिथे फार काम नसावे.

बी-३०४ सर, ९.४७
असल्या उत्तरांमुळेच काठावर राहावे लागते. पोर्ट ब्लेअर (जुन्या नावाबद्दल क्षमस्व) साधारण ९२.७ पूर्व रेखांशावर आहे आणि सोलापूर ७५.९ वर. फरक सतरा अंशांचा, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे तेथला सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक पुढे असतो. परंतु घड्याळ सगळ्या देशाचे एकच असल्याने तेथे दिवस लवकर संपल्यासारखा वाटतो.

ए-२०३ काका, ९.५५
आणि मनालीत डोंगर सूर्याला उशिरा सोडतात आणि लवकर आड घेतात. सकाळी समोरच्या शिखरावर ऊन दिसते, पण ते आमच्या अंगणात उतरेपर्यंत दोनदा चहा होतो. इथल्या घरमालकांच्या आई लाहौलच्या आहेत. रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर. ती बर्फाने बंद झाली की लाहौल कित्येक महिने सगळ्यांपासून तुटायचे. नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ते दिवस सरले. आजी सांगतात की आश्विनातच सुकवलेली भाजी, जव, लाकूड आणि जनावरांचा चारा भरून ठेवायचा, मग वाट पाहायची. मी त्यांना म्हणालो, म्हणजे तुम्हीही बेटावरच्याच की. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, तरी लगेच मान हलवली.

सी-३०१ सिस्टर, ९.५७
हे सर्व ठीक आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये.

सी-१०२, ९.५८
सिस्टर, काकांनी सांगितले ना, तंदूरला नळकांडे आहे. आज हा तिसरा निरोप झाला.

ए-२०३ काकू, १०.०४
सिस्टरना कोणी हसू नये. शनिवारी पहाटे माझे डोके जड झाले म्हणून मी उठले, तर नात कधी नव्हे ती उठवूनही उठेना. जावयांनी दार उघडले आणि सगळ्यांना आधी बाहेर काढले. वर चढून पाहिले तर नळकांड्याच्या तोंडावर बर्फाची टोपी बसली होती, धूर आतच कोंडत होता. काठीने तो बर्फ पाडला. नात आता खेळते आहे. यांनी हे वर लिहिले नाही, कारण यांना काळजीचे काही लिहायचे नसते.

सी-३०१ सिस्टर, १०.०६
नातीला आजच डॉक्टरांना दाखवावे. बाकीच्यांनाही डोकेदुखी किंवा मळमळ असल्यास अंगावर काढू नये. आणि रात्री खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी, नळकांडे असले तरी.

ए-२०३ काका, १०.११
काल दुपारीच दाखवून आणले, सिस्टर. आपले म्हणणे शिरसावंद्य. खिडकी उघडी आहे.

बी-१०४ ताई, १०.१४
आणि मी इथे दोन दिवस स्वतःला वेड्यात काढत होते. काका, रागावू नका, पण बेटाच्या गोष्टी सांगताना तुम्ही नेहमी असेच करता. जहाज उशिरा आल्याचे सांगता, त्या जहाजाची वाट पाहणाऱ्यांचे सांगत नाही.

ए-२०३ काकू, १०.२२
ताई, ती वाट मीही पाहिलेली आहे. २६ डिसेंबर २००४ ला आम्ही सोलापुरात परत येऊन राहिलो होतो. त्सुनामीची बातमी दूरदर्शनवर लागली तेव्हा मी भाकरी थापत होते. आमची शेजारीण तिथे किनाऱ्याजवळ राहायची. माझे पहिले बाळंतपण तिच्याच हातचे. आठ दिवस तिचा फोन लागला नाही. तारखात्यातून निवृत्त झालेला माणूस घरात, आणि तरी मी रोज कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन नंबर फिरवायची, का ते मला आजही सांगता येणार नाही. नवव्या दिवशी तिचाच फोन आला. म्हणून तुझे दोन दिवस मला कळतात. जावयांकडून तुला निरोप पोहोचवायला हवा होता, तो राहिला, ही माझी चूक.

बी-१०४ ताई, १०.२४
काकू, तुम्ही माफी मागू नका. कधी येताय तेवढे सांगा.

ए-२०३ काका, १०.२७
मार्चपर्यंत राहावे असे माझ्या मनात आहे. सफरचंदाच्या झाडांची छाटणी पाहायची आहे.

ए-२०३ काकू, १०.२८
मला सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता टाकायच्या आहेत. तेरा वर्षे त्या बेटामुळे चुकल्या, आता डोंगरामुळे चुकवणार नाही. छाटणी ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी.

सी-१०२, १०.२९
काका, बॅग भरा.

ए-२०३ काका, १०.३५
रस्ता मोकळा होताच चंदीगडपर्यंत बस आणि पुढे रेल्वेने निघू. चेअरमनसाहेब, वही कपाटाच्या वरच्या खणात, पाडाकच्या लाकडाच्या लाल पेटीखाली आहे. पेटी जपून उचलावी, तिच्यात शिंपले आहेत.

ए-४०१ चेअरमन, १०.३७
आभारी आहे. घाई नव्हती.

बी-१०४ ताई, १०.३८
(चेअरमनसाहेबांचा शेवटचा निरोप मी जपून ठेवला आहे.)

बी-२०२ सेक्रेटरी, १०.५०
महत्त्वाची सूचना : पाणी सुटले आहे. आज दाब कमी असल्यामुळे सर्वांनी एकाच वेळी मोटारी लावू नयेत. आधी ए विंग, मग बी, मग सी. पुन्हा पाणी केव्हा येईल ते महापालिकेने कळवलेले नाही.

ए-२०३ काकू, १०.५२
पोर्ट ब्लेअरलाही एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात असेच दिवस मोजून पाणी यायचे. धनीखारीचे धरण आटले की शेजारणी मला विचारायच्या, तू आल्याबरोबर चार पिंपे कशाला घेतलीस. मी सांगायची, सोलापूरची आहे.

बी-१०४ ताई, १०.५५
मी ए-२०३ मध्येच आहे. वही सापडली. तुमची दोन्ही पिंपे धुऊन भरून ठेवते.