मायामीच्या क्रूझवरचा कॅसिनो: कुठला खेळ, रोख की कार्ड?

एडिसनवाला
मायामीहून ७ रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक केली आहे. सोबत आई-बाबा, दोघेही भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले. बाबा तीनपत्तीत मुरलेले, पण कॅसिनोत कधी पाऊल ठेवलेलं नाही. दोघांचे मिळून ३०० डॉलर बाजूला काढले आहेत, गेले तर गेले. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: कुठल्या टेबलवर बसावं, पैसे रोख न्यावेत की जहाजाच्या कार्डावर (ज्यावर जहाजावरचा सगळा खर्च चढतो) टाकावेत, आणि जिंकलेच तर कर कसा लागतो? "नशीब आजमावा, मजा करा" छाप उत्तरं नकोत, प्लीज.

दर्यावर्दी
आधी वेळेचं बघा. बंदरात जहाज उभं असताना कॅसिनो बंद असतो. मायामीतून निघाल्यावर प्रादेशिक हद्द मागे पडली की उघडतो. म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठल्याच बेटाला लागत नाही, तो दिवस खेळायला खरा. त्या दिवशी दुपारी टेबलाचा किमान डाव कमी असतो, रात्री जेवणं उरकून गर्दी झाली की तोच आकडा वाढतो. ३०० डॉलर असतील तर दुपारीच बसा.

आता ब्लॅकजॅक, म्हणजे डीलरपेक्षा (कॅसिनोतर्फे पानं वाटणारा) २१ च्या जास्त जवळ जायचा खेळ. बसण्याआधी टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. "३ ला २" की "६ ला ५"? पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आलं की १० डॉलरच्या डावावर पहिल्या टेबलावर १५ मिळतात, दुसऱ्यावर १२. तीन डॉलरने काय होतं असं वाटेल. ही जोडी साधारण २१ डावांत एकदा येते. तासाला ६५ डाव धरले तर तीनदा, म्हणजे नऊ-साडेनऊ डॉलर नुसते या छापील ओळीपायी गेले. बरोबर पद्धतीने खेळणाऱ्याचं ३ ला २ च्या टेबलावर तासाला सरासरी तीन-सव्वातीन डॉलर नुकसान होतं, ६ ला ५ वर ते बारा-तेरावर जातं. जहाजांवर बहुतेक टेबलं दुसऱ्या प्रकारची. कारण उघड आहे: लास व्हेगासमध्ये उठून शेजारच्या कॅसिनोत जाता येतं, समुद्रात कुठे जाणार?

डीलरकडे एक्का दिसला की "इन्शुरन्स?" असं विचारतील, म्हणजे डीलरचा ब्लॅकजॅक निघेल यावर वेगळा डाव. नाही म्हणायचं. सहा जोडांच्या खेळात त्यावर कॅसिनोचा फायदा सात टक्क्यांच्या वर आहे.

नोट डीलरच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. ती तो कॅमेऱ्यासाठी पसरून दाखवतो, मग चिप्स देतो. पान हवं असेल तर बोटाने टेबलावर टकटक, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. तोंडी सांगून चालत नाही, कारण वाद झाला तर कॅमेऱ्यात हातच बघतात. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावू नका.

तीन_पानी
बाबा तीनपत्तीवाले आहेत म्हटल्यावर ते थ्री कार्ड पोकरच्या टेबलाकडेच ओढले जाणार. पानं तीनच, म्हणून ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. फरक आधी सांगून ठेवा:

आपल्याकडे ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यात वर. तिथे प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची ओळीने तीन पानं) ट्रेलच्याही वर. आपल्याकडे एक्का-दुर्री-तिर्री ही दोन नंबरची सिक्वेन्स, तिथे ती सगळ्यात खालची. ब्लाइंड नाही, शो नाही, समोरच्याला घाबरवून पॅक करायला लावणं नाही. लढत फक्त डीलरशी. म्हणजे बाबांचं निम्मं कसब बादच.

आधी एक डाव लावायचा, त्याला अँटे म्हणतात. पानं बघितल्यावर खेळायचा नियम एका ओळीचा: राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून चांगलं असेल तर दुसरा डाव लावा, नाहीतर पानं टाका. डीलरकडे किमान राणी नसेल तर त्याची पानं धरत नाहीत, अँटेचे पैसे मिळतात, दुसरा डाव तसाच परत येतो. अशा खेळात अँटेवर कॅसिनोचा फायदा ३.३७ टक्के.

शेजारी "पेअर प्लस"चं वर्तुळ असतं, आपल्याला जोडी किंवा त्याहून चांगलं येईल यावरचा वेगळा डाव. तिथे रंगाला, म्हणजे फ्लशला, किती देतात ते बघा. बाकीचे दर (प्युअर सिक्वेन्स, ट्रेल, सिक्वेन्स आणि जोडीचे) ४०, ३०, ६ आणि १ असे असून रंगाला ४ असतील तर कॅसिनोचा फायदा २.३२ टक्के. तिथेच ३ असतील तर ७.२८. एका आकड्याचा फरक आहे! ३ दिसले तर ते वर्तुळ रिकामं सोडा.

भाग्यवान७७
एवढं कशाला डोक्याला ताप, बॅकरॅट खेळा. "बँकर" की "प्लेयर" यावर पैसे लावायचे, बाकी काहीच करावं लागत नाही. नाहीतर सरळ स्लॉट मशीन.

दर्यावर्दी
@भाग्यवान७७, बॅकरॅटचं अर्धं बरोबर. बँकरवर १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४, चांगलाच खेळ आहे. पण "टाय"वर (बरोबरीवर) १४ टक्क्यांच्या वर जातात, आणि नवखा माणूस आठपट दिसले की तिथेच चिप ठेवतो. रूलेट (फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबते तो खेळ) असेल तर चाकावर शून्यं मोजा. एक असेल तर २.७०, दोन असतील तर ५.२६. कुठे तीनही दिसतात, तिथून चालू लागा.

स्लॉटबद्दल मात्र असहमत. पाऊण डॉलरचा डाव, तासाला ५०० वेळा बटण दाबलं, म्हणजे ३७५ डॉलर फिरवले. मशीन १० टक्के ठेवतं असं धरा, तासाला ३७ डॉलर गेले. किनाऱ्यावरच्या राज्यांत जुगारावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा असते, बहामा किंवा पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर तशी देखरेख नसते. म्हणून व्हिडिओ पोकर बरं, कारण दर समोर पडद्यावर असतो. एका नाण्याला फुल हाऊसला (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) ९ आणि फ्लशला ६ असेल तर उत्तम खेळीला ९९.५४ टक्के परत मिळतात. जहाजावर ६ आणि ५ दिसलं तर ९५.

नाणी ढकलणारी काचेची मशीनं असतात, आत पाच-दहा डॉलरच्या नोटा कडेला लोंबकळताना दिसतात. दोन्ही बाजूंना फटी असतात, तिथे पडलेली नाणी कॅसिनोची. नोट खाली नाण्यांच्या थरात दबलेली असते, म्हणून ती "आत्ता पडेल" अशी दिसते आणि पडत नाही.

खिडकीवाला
पैशांचं. जहाजाच्या कार्डावरून टेबलावर किंवा मशीनवर पैसे उचलले की अनेक कंपन्या ३ ते ५ टक्के शुल्क लावतात. ५ टक्के धरले तर ३०० डॉलरवर १५ डॉलर, पान वाटण्याआधीच. रोख न्या. सुट्ट्या २० च्या नोटा बऱ्या. जहाजावरच्या एटीएमचं शुल्कही तगडं, तेव्हा नोटा मायामीत बँकेतूनच काढा.

बाबांच्या भारतातल्या फोरेक्स कार्डाला (परकीय चलन भरलेलं कार्ड) तर अजिबात हात लावू नका. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) २००० सालच्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स वगैरेंसाठी परकीय चलन पाठवायला मनाई आहे.

मशीनवर जिंकलेले पैसे बऱ्याच जहाजांवर कार्डातच जमा होतात. ते आपोआप बँकेत येत नाहीत, कॅसिनोच्या खिडकीवर जाऊन काढावे लागतात. शेवटच्या दिवशी सकाळी जहाज मायामीत लागलेलं असतं आणि खिडकी बंद. टेबलावरच्या चिप्सचंही तेच. शेवटच्या रात्री बंद होण्याची वेळ दुपारीच विचारून ठेवा आणि अर्धा तास आधी रांगेत उभे राहा, कारण सगळे तेव्हाच येतात.

"फुकट दारू"च्या मागे लागू नका. पॉइंट मिळवायला साधारण ५ डॉलर फिरवल्यावर एक, असा हिशोब असेल आणि फुकट दारूसाठी २,५०० पॉइंट लागत असतील तर ते म्हणजे १२,५०० डॉलर फिरवणं. वरच्या १० टक्क्यांनी १,२५० डॉलरची दारू झाली ती.

एडिसनवाला
धन्यवाद, हेच हवं होतं. कराचं कोणी सांगेल का? आणि बाबा विचारतात, गोव्याच्या कॅसिनो बोटींसारखंच का सगळं?

पणजीकर
कर: अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना स्लॉटचा मोठा जॅकपॉट लागला तर जागेवरच ३० टक्के कापले जाऊ शकतात. २०२५ अखेरपर्यंत ही मर्यादा १,२०० डॉलर होती. ब्लॅकजॅक, बॅकरॅट, क्रॅप्स (फाशांचा खेळ) आणि रूलेटमधल्या जिंकीला परदेशी माणसाकरता ही कपात लागू नाही. थ्री कार्ड पोकर या यादीत नाही, हे लक्षात असू द्या. भारतात मात्र बाबा रहिवासी असतील तर परदेशातली जिंकही दाखवावी लागते, दर ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर. हरलेले पैसे वजा होत नाहीत.

गोव्याचं वेगळं. मांडवीतल्या बोटी प्रवासाला निघत नाहीत, नदीतच नांगरलेल्या असतात. पणजीच्या धक्क्यावरून लहान बोटीने जायचं. वय किमान २१, आणि २०२० पासून गोंयकारांना खेळायला प्रवेश नाही. क्रूझवर बहुतेक ठिकाणी १८ चालतं. दुसरं म्हणजे चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जिंकलेल्या चिप्सनी पुन्हा खेळलात तर परत लागत नाही. हा भार क्रूझवर नाही.

आणि हो, आईंना धुराचा त्रास असेल तर आधी जाऊन बघा. बऱ्याच जहाजांवर आत सिगारेट ओढायला परवानगी असते, आणि कॅसिनो नेमका नाट्यगृहाकडे जायच्या वाटेवर असतो.