अनुभव धागा : शाळेतलं घरी कसं पोचतं? (पुणे, बालवाडी ते चौथी)

नमस्कार मंडळी,

पालकसभा सुटल्यावर गेटबाहेर उभं राहून ऐका, बहुतेक सगळे एकच बोलत असतात. सह्या घेतल्या, गणवेशाचं सांगितलं, आधारचं सांगितलं, पण आमचं पोरगं वर्गात कसं आहे ते काही कळलं नाही. माझा मुलगा मनपाच्या शाळेत दुसरीला आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळे हा विषय डोक्यातून जातच नाही. माझं मत पक्कं झालंय की सूचना पाठवणं वेगळं आणि घरच्यांना सोबत घेणं वेगळं. ग्रुपवर मेसेज पडला की शाळेला वाटतं कळवलं, आणि घरच्यांना वाटतं आपल्याला कोणी विचारलंच नाही.

आमच्या बाई एक गोष्ट करतात ती सांगते. दर शनिवारी शाळा सुटली की थोड्या पालकांना फोन लावतात, आळीपाळीनं, आणि तक्रार नाही, फी नाही, त्या मुलाचं त्या आठवड्यातलं एक काहीतरी सांगतात. आमच्या शेजारचे दादा गॅरेजवर काम करतात, त्यांना फोन आला की तुमच्या मुलीनं बेरजेत हातचा न विसरता घेतला आणि शेजारच्या मुलाला पण समजावला. दादांनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलं. त्याआधी शाळेचा नंबर दिसला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, आता ते स्वतःहून विचारायला जातात.

तर तुमच्याकडे काय चालतं, काय चालत नाही, मोकळेपणानं लिहा. शिक्षक असाल तर नक्की लिहा. शाळेचं नाव आणि मुलांची नावं नकोत.

दुसरी_शिफ्ट

विश्रांतवाडीला राहतो, चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सभा कायम शनिवारी सकाळी अकराला, म्हणजे एकतर मी लाइनवर असतो नाहीतर नाइट करून झोपलेलो असतो. मिसेस जाते पण ती पण बिचारी अर्धी रजा टाकून. पोरगा पहिलीत असताना ज्या मॅडम आल्या त्यांनी व्हॉइस मेसेज सुरू केला, शनिवारी संध्याकाळी, जेमतेम दोन मिनिटांचा. या आठवड्यात काय घेतलं आणि घरी मुलाला काय विचारा. मी तो कंपनीच्या बसमध्ये ऐकतो. एकदा म्हणाल्या विचारा, बी रुजताना आधी काय बाहेर येतं, मूळ की कोंब. घरी आलो, विचारलं, तर पोरगं सरळ किचनमध्ये गेलं, उसळीसाठी फडक्यात बांधलेली मटकी सोडली आणि एकेक दाणा उजेडात धरून दाखवायला लागलं, हे बघा पप्पा हे खाली चाललंय ना ते मूळ, पानं नंतर. अर्धी मटकी ओट्यावर सांडली. मला ती उत्तरं येत नव्हती हे पण सांगतो, मी दहावी सोडून आयटीआयला गेलेला माणूस. पण माझ्या मुलाला काय येतं हे मला त्या दिवशी दिसलं, प्रगतीपुस्तकातल्या अ-१ वरून ते दिसलं नसतं.

आणि हो, सभा संध्याकाळी सातला घेऊन बघा. आमच्याकडे एकदा घेतली तर निम्म्याच्या वर बाप आले होते.

खडू_फळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वाघोलीच्या बाजूला. आमच्याकडे बांधकामावरची, वीटभट्टीवरची मुलं खूप, मराठवाड्यातली, कर्नाटकातली, यूपी-बिहारची. व्हॉट्सॲप ग्रुप वगैरे आमच्याकडे अर्धवटच चालतो कारण फोन एकच असतो आणि तो बापाबरोबर साइटवर जातो, रिचार्ज संपला की नंबर बंद, महिन्याभरानं नवा नंबर. म्हणून मी जूनमध्ये घरोघर जाते. घर म्हणजे पत्र्याच्या खोल्या, एका ओळीत. रजिस्टर उघडायच्या आधी मी आईला विचारते, याला घरी काय काय येतं? पहिल्यांदा कोणी बोलत नाही. मग निघतं की हा धाकट्या बहिणीला भरवतो, हिला मजुरीचे पैसे मोजता येतात, ही शंभर-दोनशेच्या नोटा ओळखून वेगळ्या लावते. ही माहिती मला कुठल्या चाचणीतून मिळणार? गणित तिथून सुरू करता येतं.

दुसरं म्हणजे शाळापूर्व तयारीचा मेळावा, ते 'पहिले पाऊल'. काही लोक त्याला फुगे आणि सेल्फी पॉइंट समजतात पण मांडणी चांगली आहे. पहिलीत येणारं मूल आईबरोबर एकेका टेबलावर जातं, कुठे दोरीवरून चालायचं, कुठे वस्तू लहान-मोठ्या लावायच्या, कुठे चित्र बघून बोलायचं, आणि आई बाजूला उभी राहून बघते. नंतर आयांचे गट करतो, वस्तीतल्याच चार-पाच जणी, त्यांना आठवड्याला घरी करायचं काहीतरी देतो, डाळ-तांदूळ निवडताना मोजायचं असलं साधं. लिहिता-वाचता येत नसलेली आई पण हे करते. आमच्या एका गटात तर कन्नड बोलणारी एक ताई आहे, ती तिच्या भाषेत मोजून घेते आणि मग मुलगी मराठीत सांगते, दोन्ही पक्कं होतं.

पोळीभाजीवाली

मी कोथरूडला चार घरी पोळ्यांचं काम करते. मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या सोडतीतून इंग्लिश मीडियमला लागली, आमच्यासारख्यांसाठी राखीव असतात त्या पंचवीस टक्के जागांत. सगळे म्हणाले नशीब काढलं. पण शाळेचं सगळं इंग्लिशमध्ये, ॲपवर इंग्लिश, डायरीत इंग्लिश, सभेला माइकवर इंग्लिश. मी मागच्या बाकावर बसायची आणि सगळे हसले की आपण पण हसायचं. एकदा उद्या साधा ड्रेस घालायचा होता, मुलगी एकटी युनिफॉर्ममध्ये गेली, रडत आली. मग तिसरीच्या टीचरनी मला गेटवर थांबवून विचारलं, तुम्हाला मराठीत मेसेज केला तर चालेल का. चालेल का काय, मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला. आता त्या जे महत्त्वाचं असेल ते मराठीत पण टाकतात, आणि बघा, पहिल्याच दिवशी बाकीच्या आयांनी पण थँक्यू लिहिलं, चांगल्या गाड्यांतून येणाऱ्या. त्यांना पण लागत होतं, बोलत कोणी नव्हतं.

बाणेर_बाबा

वरच्या ताईंना नमस्कार. आम्ही भरपूर फी भरून त्याच प्रकारच्या शाळेत आहोत आणि ॲपवर इतक्या सूचना येतात की महत्त्वाची कुठली ते शोधावं लागतं. फोटो, सर्क्युलर, कुठल्या तरी स्पर्धेची लिंक. माझ्या मुलाबद्दल एक वाक्य वर्षातून दोनदा, ओपन हाउसला, तेही बेल वाजेपर्यंत. मला वाटतं गरीब-श्रीमंत दोघांनाही एकच कमी पडतंय.

एक माहितीसाठी, महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे त्यात खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असलाच पाहिजे आणि प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. फीबद्दल बोलायचा हक्क त्यातून येतो. वर्षाच्या सुरुवातीला कार्यकारी समितीची सोडत होते तेव्हा नाव द्या, बहुतेक लोक देतच नाहीत.

पेठेतले_आजोबा

नातवंडांना सोडणं-आणणं माझ्याकडे. सून आणि मुलगा हिंजवडीला. शाळेकडे नंबर त्या दोघांचा, आणि शाळा लवकर सुटली की गेटवर उभा मी! मी मुख्याध्यापिका बाईंना भेटून सांगितलं की जो रोज येतो त्याचा नंबर घ्या. घेतला. आता आमच्यासारखे बरेच आजी-आजोबा यादीत आहेत.

पण मला वेगळं सांगायचंय. नातीच्या तिसरीच्या वर्गात परिसर अभ्यासात पुराचं काही चाललं होतं, बाईंनी विचारलं की कुणाच्या घरी कोणी १९६१ चा पूर पाहिलाय का. नातीनं हात वर केला. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी दुसरीत, नारायण पेठेत राहायचो. मी वर्गात गेलो, खुर्चीवर बसलो आणि सांगितलं, आईनं आम्हाला कसं वर नेलं, पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल कसा होता, धान्याचे डबे उघडले तर आत गाळ. मुलांनी जे विचारलं ते मोठ्यांनी विचारलं नसतं. एकानं विचारलं तुमच्या शाळेतल्या वह्यांचं काय झालं. एकीनं विचारलं मांजर होतं का. होतं, आणि ते सापडलं होतं, कौलांवर. मग वर्गात काय आनंद! दुसऱ्या आठवड्यात एक आजी आल्या, त्यांचं घर गेलं होतं आणि ते लोक गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहायला गेले, त्यांनी ते सांगितलं. आम्हाला शाळेनं बोलावलं ते सह्यांसाठी नाही, आमच्याजवळ काही आहे म्हणून. माझ्या वयाच्या माणसाला हे फार मोठं वाटतं.

लाल_वही

माझी मुलगी उशिरा बोलायला लागली. बालवाडीत घातली तेव्हा रोज विचारायचे, काय केलं आज, ती नुसती बघायची. ताईंनी एक छोटी लाल वही दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायला सांगितली, रोज त्यांची एक ओळ, रोज माझी एक ओळ. 'आज थालीपीठ शेजारच्या मुलीला दिलं आणि घे म्हणाली.' मी लिहिलं, काल रात्री आजीबरोबर बाळ म्हणाली, ळ बऱ्यापैकी आला. दुसऱ्या दिवशी ताईंनी वर्गात ळ चे शब्द घेतले, बाळ, कमळ, गूळ, जवळ, आणि पहिला नंबर हिचा लावला. वहीत लिहिलं होतं, 'गूळ सगळ्यात आवडला, तीन वेळा म्हणाली, शेवटी खरा आणून दिला.' ही वही स्पीच थेरपीच्या मॅडमना पण दाखवते, त्या म्हणतात त्यांच्या अर्ध्या तासात जे दिसत नाही ते यात मिळतं. आता पहिलीत गेली, नव्या बाईंना वही दिली, त्यांनी कुरकुर न करता सुरू ठेवली. त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

सिंहगड_रोड

आमचे व्हॅनवाले काका हेच आमचं माहिती केंद्र. उद्या डबा मोठा द्या, आज पडला पण लागलं नाही, बाईंनी चिठ्ठी दिलीये ती खिशात आहे. शाळेनं काकांना पण सभेला बोलवावं असं मनापासून वाटतं.

मनपा_आई

पोषण आहार वाटायच्या आधी मोठ्यांनी चाखून बघायचा नियम आहे. आमच्याकडे मुख्याध्यापकांनी आयांच्या पाळ्या लावल्यात, शिक्षक आणि एक आई, आणि चवीच्या वहीत सही. खिचडी गाडीतून येते, कधी पाणीदार असते. लिहिलं की दोन दिवसांनी फरक पडतो. आणि चाखायला गेलं की वर्ग दिसतो, मुलं दिसतात, बाईंशी चार शब्द होतात.

चौथीच्या_बाई

सगळं वाचतेय, छान वाटतंय, पण आमची बाजू पण लिहिते. शिक्षण हक्क कायद्यात तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, प्रत्यक्षात माझ्या वर्गात त्याहून बरीच जास्त मुलं आहेत. त्यात ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. रात्री अकराला 'मॅडम उद्याचा अभ्यास?' असा मेसेज येतो, आणि उत्तर नाही दिलं तर सकाळी रुसवा. मी पहिल्याच सभेत पालकांना विचारून वेळ ठरवली, संध्याकाळी पाच ते सहा फोन चालू, त्यानंतर फक्त आजारपण किंवा तातडीचं. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून पाळलं जातंय. शाळेनं नुसता फतवा काढला असता तर नसतं जमलं. आणि शनिवारच्या फोनची कल्पना मी घेतेय.

कात्रज_वस्ती

मी पण समितीवर आहे, धागा काढणाऱ्या ताईंसारखी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं आहे, आणि शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा आहे. आमच्याकडे हे असं चालायचं की शिपाई मामा रजिस्टर घेऊन घरी यायचे, ताई इथे सही करा. मी म्हटलं आधी वाचते. वाचलं तर मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि नळ दुरुस्त झाल्याचं लिहिलेलं, आणि माझीच मुलगी पाणी न पिता शाळेत बसते कारण कडी लागत नाही. मी सही केली नाही. भांडले पण नाही. पुढच्या बैठकीला आणखी तिघी आयांना घेऊन गेले, मुख्याध्यापकांना म्हटलं सर चला बघून येऊ, आणि सगळे मिळून जाऊन बघून आलो. सरांना खरंच माहीत नव्हतं, ठेकेदारानं काम झालं सांगितलं होतं. आठवड्यात कडी बसली, नळाला थोडा वेळ लागला.

त्यानंतर आम्ही ठरवून घेतलं की इतिवृत्त बैठकीतच मोठ्यानं वाचायचं आणि मगच सह्या. आणि त्यातले मुख्य मुद्दे गेटजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. लिहायचं काम सातवीच्या मुली करतात, अक्षर सुंदर आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्याच वाचून दाखवतात. धागा काढणाऱ्या ताई, तुमच्या शाळेत फळा लावायचा असेल तर आमच्या बैठकीला या, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी असते, सगळं दाखवते.