संशोधनाच्या पैशासाठी विज्ञान अकादम्यांनी जाहीरपणे भांडावं का?

सुजाता_नाशिक

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, शाळा-कॉलेजांचा अभ्यासक्रम बदलायला हवा. बंगळुरू, दिल्ली आणि अलाहाबाद इथल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी, म्हणजे निवडक शास्त्रज्ञांना सदस्यत्व देणाऱ्या संस्थांनी, लगोलग एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. मला फार बरं वाटलं होतं. पण पैशाचा विषय निघाला की याच संस्थांचा आवाज इतका बारीक का होतो?

२०१३ च्या विज्ञान धोरणात संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या २ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट होतं. २०२०-२१ चा आकडा आहे ०.६४ टक्के. ९ ऑगस्ट २०१७ ला शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी ३ टक्क्यांची मागणी घेऊन अनेक शहरांत रस्त्यावर उतरले, तेव्हा हाक ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीसारख्या संघटनांनी दिली होती, अकादम्यांनी नाही.

अकादम्यांनी मोर्चे काढावेत असं मी म्हणत नाही. अर्थसंकल्प आला की आठवडाभरात एक टिपण काढा: कोणत्या विज्ञान खात्याला किती तरतूद, मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज किती, प्रत्यक्षात खर्च किती झाले. अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स ही संस्था १९७० च्या दशकापासून तिथल्या संशोधन खर्चाचं असं विश्लेषण प्रसिद्ध करते. आपल्याकडे ही आकडेमोड एखाद-दुसरा पत्रकार एकट्याने करत बसतो.

वैनतेय

सुजाताताई, तुमची तळमळ कळते, पण मार्ग पटत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांची, वेधशाळा होते आहे. तिच्यासाठी २००९ मध्ये इंडिगो नावाचा शास्त्रज्ञांचा गट तयार झाला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रासारख्या संस्थांतल्या लोकांनी प्रस्ताव लिहिले, समित्यांसमोर बसले, शंकांना उत्तरं दिली. लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची. त्यानंतर आठवड्याच्या आत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. कागद तयार होते म्हणूनच हे झालं. घोषणाबाजीने होत नसतं.

दुसरं, अकादमीकडे असते ती फक्त विश्वासार्हता. २०१० मध्ये बीटी वांग्याचा, म्हणजे जनुकं बदलून तयार केलेल्या वांग्याच्या वाणाचा, वाद पेटला असताना सहा अकादम्यांनी एकत्र अहवाल दिला. त्यातला काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचलल्याचं उघड झालं आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. धोरणाच्या आखाड्यात घाईने उतरलं की असं होतं. अकादम्या दर फेब्रुवारीत सरकारला गुण द्यायला लागल्या तर उत्क्रांतीवरचं त्यांचं निवेदनही लोक राजकीय म्हणून बाजूला सारतील.

सुजाता_नाशिक

वैनतेय सर, औंढ्याची गोष्ट पुढेही सांगा ना. तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, २६०० कोटींची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. मधल्या सात वर्षांत उशिराचं कारण जाहीरपणे कोणी विचारलं? आणि त्या प्रकल्पामागे जगभर गाजलेला शोध होता. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्र विभागाला उपकरण दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत, त्याच्यासाठी कोणता गट समित्यांसमोर बसणार?

पाचवं वर्ष

मी पीएचडी करतोय, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माझी फेलोशिप महिनोन् महिने थकते. मेसचं बिल, खोलीचं भाडं उधारीवर चालतं, आणि घरी पैसे मागायची माझ्या वयात लाज वाटते. हे माझं एकट्याचं नाही, आमच्या प्रयोगशाळेत निम्म्या मुलांचं हेच आहे.

२०१४ पासून कनिष्ठ फेलोशिप, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळणारं विद्यावेतन, महिना २५ हजार होती. देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांनी निवेदनं दिली, २०१९ च्या जानेवारीत दिल्लीत मोर्चा काढला, तेव्हा ती ३१ हजार झाली. २०२३ मध्ये ३७ हजार. वैनतेय सर, कागद आमच्याकडेही तयार होते. पण पोलिसांसमोर उभी राहिली ती मुलं, ज्यांचं पुढचं शिफारसपत्र वरच्यांच्या हातात असतं. ज्या प्राध्यापकांच्या नावापुढे अकादमीची फेलोशिप, म्हणजे मानाचं सदस्यत्व, लागते, त्यांना गमावण्यासारखं आमच्याहून कमी आहे. त्यांनी आमच्या आधी बोलायला हवं होतं.

जमाखर्च

३ टक्के ही मागणीच मला चुकीची वाटते. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या जवळ आहे, पण तिथला तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च कंपन्या करतात. आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. केंद्र सरकारच्या वाट्यातला मोठा भाग संरक्षण, अवकाश, अणुऊर्जा आणि कृषी संशोधनाकडे जातो. देशाच्या एकूण संशोधन खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा २०२०-२१ मध्ये ८.८ टक्के होता. देशातले बहुतेक विद्यार्थी जिथे शिकतात तिथे एवढाच! उद्या एकूण रक्कम दुप्पट झाली आणि वाटणी तीच राहिली, तर 'पाचवं वर्ष' यांच्या प्रयोगशाळेत काय बदलेल? अकादम्यांनी भांडायचंच असेल तर या ८.८ साठी भांडावं.

संशोधनाला निधी देण्यासाठी केंद्राने उभारलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचंही तेच. २०२३ चा कायदा, पाच वर्षांत ५० हजार कोटी. त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. ते किती आले, हे दर वर्षी विचारणारं कोणीतरी हवं.

वैनतेय

वाटणीचा मुद्दा मान्य. पण हे विचारणार कोण? अकादम्यांचा खर्च मुख्यतः केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या अनुदानातून चालतो. १९१४ पासून चालत आलेल्या सायन्स काँग्रेसचं, म्हणजे इंडियन सायन्स काँग्रेस असोसिएशन भरवते त्या शास्त्रज्ञांच्या वार्षिक अधिवेशनाचं, बघा. जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला १०८ वं अधिवेशन झालं. त्यानंतर खात्याने पाठिंबा काढला. कारण आर्थिक अनियमिततेचं दिलं, असोसिएशनने ते नाकारलं, वाद कोर्टात गेला. जानेवारी २०२४ चं अधिवेशन झालंच नाही. त्यात कोण बरोबर हा प्रश्न वेगळा. पण अनुदान थांबलं की शंभर वर्षांची संस्थाही जागेवर थांबते. अकादम्यांची नियतकालिकं, विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी फेलोशिप, शिक्षकांची शिबिरं, हे सगळं मी पणाला लावणार नाही.

कृष्णाकाठ

मग ज्यांचा पैसा सरकारकडून येत नाही अशांनी बोलावं. ब्रिटनमध्ये १९८६ साली सुमारे दीड हजार शास्त्रज्ञांनी वर्गणी काढून 'द टाइम्स'मध्ये जाहिरात दिली. मजकूर थोडक्यात असा की ब्रिटिश विज्ञान वाचवा. त्यातून उभी राहिलेली संघटना नाव बदलून आजही काम करते, आणि तिथली विज्ञान अकादमी, रॉयल सोसायटी, आपल्या जागी आहे. २०१० मध्ये कपातीच्या वेळी शास्त्रज्ञ लंडनमध्ये अर्थ खात्यासमोर जमले. बाकी खात्यांना कात्री लागली, विज्ञानाचे ४.६ अब्ज पौंड कायम राहिले.

आपल्याकडे १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे, गावोगाव तिचे विभाग आहेत. राज्याच्या अर्थसंकल्पात विद्यापीठांच्या संशोधनाला काय मिळालं, प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या, एवढं तरी मराठीत छापायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

वैनतेय

कायम राहिले ते रोख रकमेत. महागाई धरली तर पाच वर्षांत त्यांची किंमत घटत गेली. लंडनच्या त्या गर्दीने कपात पुढे ढकलली, एवढंच मी म्हणेन.

पाचवं वर्ष

सर, आमची फेलोशिप तर रोख रकमेतही वेळेवर येत नाही. राज्याचं टिपण कोणी करणार असेल तर आमच्या विभागातल्या थकबाकीच्या तारखा मी आजपासून लिहून ठेवतो.