मदत हवी आहे: एक्स्टर्नल हार्ड डिस्क जुन्या लॅपटॉपवर दिसत नाही (तातडीचे)

घाईत_आहे: डिस्क लावली की लाइट लागतो, 'टुंग' आवाज येतो, पण ड्राइव्ह दिसत नाही. कधी दिसलाच तर फॉरमॅट करा म्हणतो. ऑफिसच्या पीसीवर व्यवस्थित चालते. आतले फोटो आजच काढायचेत. कोणते सॉफ्टवेअर टाकू?

तारजोड: सॉफ्टवेअर नंतर. आधी सांगा: विंडोज कोणते, डिस्क किती टीबीची, अडीच इंची की साडेतीन? वेगळा अ‍ॅडाप्टर आहे का? आणि फॉरमॅटच्या खिडकीत 'कॅन्सल'च दाबा.

झटपट_उपाय: क्विक फॉरमॅट मारा, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळे परत मिळते.

सेक्टर५१२: अहो, काय सांगताय! क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची जुनी यादी जाते. मग फोटो मिळाले तरी नावे आणि फोल्डर मिळतीलच असे नाही. एका ठिकाणी डिस्क चालतेय तर फॉरमॅटचा प्रश्नच कुठे येतो?

घाईत_आहे: विंडोज ७, २ टीबी, छोटी डिस्क, अ‍ॅडाप्टर नाही. टिक-टिक पण करते.

पेंग्विन: लिनक्सची लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारी) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा. विंडोज ७ ला अजून किती दिवस कुरवाळणार?

तारजोड: लिनक्स आणले म्हणून पोर्टमधून जास्त करंट येणार नाही. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम, ३.० ने ९००. अडीच इंची डिस्क एकदा फिरू लागली की ५०० च्या आत भागते, पण थांबलेली प्लेट फिरवताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढते. तेवढा मिळाला नाही की मोटर गती घेत नाही, डेटा वाचणारा हेड मागे जातो, पुन्हा प्रयत्न. तीच टिक-टिक. लाइटला करंट नगण्य लागतो, त्यामुळे तो लागण्यावरून काही कळत नाही. 'टुंग' एकदाच वाजतो की पुन्हा पुन्हा?

घाईत_आहे: पुन्हा पुन्हा. हबला (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीला) लावलीय ना, माउस पण तिथेच आहे.

सेक्टर५१२: हे पहिल्याच ओळीत सांगायचे होते! बिनअ‍ॅडाप्टरचा हब एका पोर्टचेच ५०० सगळ्यांत वाटतो. डिस्क थेट लॅपटॉपला लावा, केबल आखूड घ्या. लॅपटॉपचा चार्जरही लावून ठेवा.

झटपट_उपाय: नाहीतर चेकडिस्क (विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन) चालवा.

सेक्टर५१२: ड्राइव्ह 'रॉ' दिसत असेल, म्हणजे विंडोजला त्यावरची फाइल-रचना ओळखता येत नसेल, तर चेकडिस्क चालतच नाही. आणि सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) खराब असतील तर दुरुस्तीच्या नादात आहे तेही जाईल. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

घाईत_आहे: निळ्या पोर्टला थेट लावली. काहीच नाही, आता टुंग पण नाही.

तारजोड: निळा म्हणजे ३.०. विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो, लॅपटॉप किंवा चिपसेटच्या कंपनीचा टाकावा लागतो. आत्ता काळ्या पोर्टला लावा. तिथेही टिक-टिक झाली तर दोन तोंडांची वाय केबल, दोन्ही तोंडे लॅपटॉपला.

सेक्टर५१२: वाय केबल यूएसबीच्या नियमात बसत नाही. स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला हब घ्या.

तारजोड: नियमात नाही हे मान्य, पण फोटो आज हवेत. डिस्क दिसलीच तर लगेच क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर), सी५ (खराब असल्याचा संशय असलेले) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) यांचे आकडे बघा.

कुतूहल: हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणतात, खरे का?

पेंग्विन: बाहेर काढल्यावर आत दव धरते. ठेवू नका.

झटपट_उपाय: यापेक्षा सरळ एसएसडी घ्या.

घाईत_आहे: काळ्या पोर्टला वाय केबलने दिसली!! फॉरमॅटचे विचारत नाही, फोल्डर उघडतात. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ ला १२ आहे. केबल बदलू का?

सेक्टर५१२: नको. सी७ ही पेटीच्या आत डिस्क आणि सर्किट यांच्यातल्या जोडणीतल्या चुकांची मोजणी आहे, बाहेरच्या यूएसबी केबलची नाही. तो आकडा कमी होत नसतो. कॉपीनंतर वाढलेला दिसला तरच लक्ष द्या. सी५ शून्य आहे, ते महत्त्वाचे.

घाईत_आहे: ३०० जीबी आहे, स्पीड २९ एमबी दाखवतोय. डिस्क बिघडलीय का?

तारजोड: यूएसबी २.० वर ३०-३५ च्या वर जात नाही, तोच वेग आहे. ३०० जीबीला पावणेतीन-तीन तास धरा, फोटो लहान आणि पुष्कळ असतील तर जास्त. पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीप बंद करा, तिथेच 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय) डिसेबल करा आणि झाकण मिटू नका. काढताना 'सेफली रिमूव्ह' करून प्लेट थांबेपर्यंत डिस्क हलवू नका.

घाईत_आहे: माउस परत लावला तर चालेल?

सेक्टर५१२: पोर्ट उरला असेल तर खुशाल. हबवर डिस्कशेजारी नको.