मदत हवी आहे: भुऱ्याला नाशिकला न्यावं का? उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. आमच्या नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, किडन्या निकामी होत चालल्यात असं परवा धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. नाशिकला पाच ते सात दिवस भरती करायचं तर चाळीस-पंचेचाळीस हजार लागतील, आणि एवढं करून तो वाचेलच असं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. ज्यांनी कुत्र्याचं किडनीचं दुखणं घरात काढलंय, त्यांनी कृपा करून लिहा.

काय झालं ते सगळं सांगतो, काही लपवत नाही. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवडाभर आधी मका काढलेल्या वावरात धसकटात पळताना भुऱ्याचा मागचा पाय दुखावला. लंगडत होता. माझ्या कंबरदुखीच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घरात होत्या. अर्धी गोळी भाकरीच्या घासात घालून सकाळ-संध्याकाळ दिली, चार दिवस. दुसऱ्याच दिवशी तो पाय टेकायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली, तिथल्या डॉक्टरांनीच रक्त तपासायला धुळ्याला पाठवलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरी काही औषध दिलं होतं का? मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ही गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते आणि किडनीला जाणारं रक्त कमी करते. मग म्हणाले, गुरांसाठी हे औषध 2006 साली बंद झालं ते गिधाडांमुळे. औषध दिलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि किडनी जाऊन मरायची. गिधाडांचं मीही कधीतरी वाचलं होतं. घरातल्या गोळीशी त्याचा संबंध मात्र कधी जोडला नव्हता.

रिपोर्ट असा आहे: क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 7.8, जे दीडच्या आसपास असायला हवं. फॉस्फरस 10.2, तेही जास्त. हिमोग्लोबिन 8.4, म्हणजे कमी. तीन दिवस सलाईन लावल्यावर क्रिएटिनिन 6.9 वर आलं. सोनोग्राफीत डावी किडनी आकसलेली दिसते, उजवीचा आकार ठीक आहे.

आणि इथेच माझं अडलंय. डॉक्टर म्हणतात, सगळं नुकसान या गोळीनेच झालं असेल तर आठ-दहा दिवसांच्या जोरदार सलाईनने किडनी पुष्कळशी सावरू शकते. पण आजार आधीपासून आत असेल आणि गोळीने फक्त शेवटचा धक्का दिला असेल, तर गेलेली किडनी परत येत नाही. मग हातात राहतात काही आठवडे किंवा काही महिने. किडनीचा तीन-चतुर्थांश भाग गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढतच नाही म्हणे, त्यामुळे आधीचं कुणाला दिसत नाही. आकसलेली डावी किडनी आणि कमी हिमोग्लोबिन जुन्या आजाराकडे बोट दाखवतात. उजवीमुळे थोडी आशा आहे.

मला आता आठवतंय ते वेगळंच. दिवाळीपासून भुऱ्या खूप पाणी पीत होता. गोठ्याजवळची कुंडी सकाळी भरली की दुपारी अर्धी, तीही ऐन थंडीत. रात्री ओसरीवर लघवी करायला लागला तेव्हा आम्ही त्याला दोनदा ओरडलो. म्हातारा झाला, असं म्हणून सोडून दिलं. जास्त पाणी आणि जास्त लघवी हीच पहिली खूण असते हे मला परवा कळलं. तुमच्या घरी कुत्रं असेल तर एवढं तरी बघा.

पैशांचं सांगतो. कापसाचे शेवटचे बावन्न हजार खात्यात आहेत. जूनमध्ये बियाणं आणि खत, आणि मुलगी बारावी झालीय, तिची अ‍ॅडमिशन. यातले पंचेचाळीस गेले तर सोसायटीच्या कर्जावर हात न्यावा लागेल. उपाशी मरणार नाही आम्ही, पण वर्ष ओढाताणीचं जाईल. मुंबईला डायलिसिस होतं असंही कळलं, पण एकेका वेळचा आकडा ऐकूनच तो विषय सोडला. शिवाय रेल्वेने न्यायचं तर एक तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. या उन्हात त्या पेटीत त्याला मी घालणार नाही.

गल्लीतला एक जण काल म्हणाला, “गावठी कुत्रं शे, दुसरं लई ये.” (दुसरं घेऊन ये.) त्याला मी उत्तर दिलं नाही. आई म्हणते, “त्याले आते सुया टोचू नको भाऊ, घरमाच ऱ्हाऊ दे.” तिचं म्हणणं कंजूषपणाचं नाही. नऊ वर्षं त्याची भाकरी तिनेच चुरलीय. काल तिने ताकात भाकरी कुस्करून पुढे ठेवली. त्याने हुंगली, तोंड वळवलं, आणि ती थाळी उचलेपर्यंत तिच्याकडे बघत बसला. त्याच्या तोंडात फोड आलेत, श्वासाला लघवीसारखा वास येतो. सलाईनसाठी पुढच्या पायावरचे केस भादरलेत, तेवढी जागा तो चाटत राहतो. गाडीचा आवाज आला की मात्र अजून फाटकापर्यंत चालत येतो.

बायकोने काल रात्री एकच विचारलं, “तुम्ही त्याच्यासाठी नेताय, की त्या गोळीसाठी?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणूनच इथे विचारतोय. पैसे घालायची माझी तयारी आहे. पण तो सात दिवस पिंजऱ्यात, अनोळखी माणसांत, सुया लावून काढणार आणि मी इकडे मनाचं ओझं हलकं करून घेणार, असं व्हायला नको. तुम्ही कसं ठरवलंत? किती दिवसांत कळतं की उपचार लागू पडतोय? आणि नाही नेलं, तर शेवटचे दिवस त्याला त्रास न होता घरी काढता येतात का?

दुसऱ्या दिवशी, दुपारी

सगळ्यांचे उपकार. रात्री दोनपर्यंत वाचत होतो.

लेप्टोचं (उंदरांच्या लघवीतून पसरणारा, किडनीवर जाणारा आजार) ज्यांनी विचारलं त्यांना: रेबीजची लस दरवर्षी दिलीय, बाकीच्या लसी राहिल्या. डॉक्टरांच्याही मनात ती शंका आहे, म्हणून डॉक्सीसायक्लिन आधीच सुरू केलंय. दूध बंद करा असं तिघांनी लिहिलंत. त्यात फॉस्फरस असतो हे मला माहीत नव्हतं. आजपासून बंद. हाडं तर बंदच होती.

एका ताईंनी लिहिलंय की त्यांनी कुत्रीला घरीच चामडीखाली सलाईन देऊन आठ महिने काढले, आणि त्यातले सहा चांगले गेले. दुसऱ्या एकांनी लिहिलं की सात दिवसांचं ठरवूच नका, तीन दिवसांचं ठरवा आणि कुठे थांबायचं ते आधीच लिहून ठेवा. ते वाचल्यावर डोक्यातला गुंता थोडा सुटला. आज सकाळी डॉक्टरांना फोन करून तसंच विचारलं. ते हो म्हणाले. तीन दिवस भरती, बावीस हजारांपर्यंत. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन चारच्या खाली आलं आणि तो आपणहून काही खायला लागला तर पुढे. नाही तर घरी आणायचं, मुलगी चामडीखाली सलाईन द्यायला शिकेल, आणि त्याला वेदना व्हायला लागल्या की डॉक्टर घरी येऊन इंजेक्शनने कायमचं झोपवतील. हे शेवटचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. बायको म्हणते, तीच सांगेल.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. गोळी मी दिली हे खरं आणि ते माझ्याजवळ राहणार. पण तीन दिवसांनंतर ओढत न्यायचं नाही असं ठरल्यावर निदान एवढं वाटतंय की हे त्याच्यासाठीच करतोय.

उन्हामुळे पहाटे चारला निघतोय, मालेगाव-चांदवडवरून, म्हणजे नऊच्या आत पोचू. गाडी शेजाऱ्याची आहे, फक्त डिझेल टाकायचंय. खाली अंथरायला आईने तिचं जुनं लुगडं काढून दिलंय, मी न मागता. दवाखान्यात रात्री माणसाला थांबू देत नाहीत, म्हणून मी आणि मुलगी जवळच कुठेतरी राहणार आहोत. नाशिकला पंचवटीच्या बाजूला स्वस्तात खोली कुणाला माहीत असेल, आणि चौथ्या दिवशी सुटला तर एक रात्र त्यालाही तिथे ठेवू देतील अशी, तर आज रात्रीच लिहा. फोन चालू ठेवतोय.