समरकंदमध्ये मुक्काम कोठे करावा?
उझबेकिस्तानातील समरकंदला दोनच रात्री असतील तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सिल्क रोड संकुलातील पंचतारांकित हॉटेल घ्यावे, असा सल्ला या चर्चेत एकाने दिला आहे. तो सोयींच्या दृष्टीने योग्य असला, तरी ते संकुल जुन्या शहराबाहेर कालव्याकाठी असल्याने रेगिस्तान या जुन्या शहरातील मुख्य चौकात जाण्यासाठी दर वेळी गाडी करावी लागते, हे येथे कोणी लिहिलेले दिसले नाही. आम्ही चौकाजवळच्या अंगणाच्या लहान हॉटेलात उतरलो (न्याहारीला गरम नान आणि जर्दाळूचा मुरंबा!) आणि सकाळी दरवाजे उघडताच चौकातल्या १७व्या शतकातील तिल्या-कोरी मदरशात पोहोचलो. तेथील सोनेरी छत घुमटासारखे खोल भासते. प्रत्यक्षात ते सपाट आहे, मध्याकडे लहान होत जाणाऱ्या नक्षीमुळे तसे वाटते. गर्दी झाल्यावर तेथे मान वर करून निवांत उभे राहता येत नाही. ताश्कंदहून येणाऱ्या वेगवान अफ्रासियाब गाडीची तिकिटे मात्र आधीच काढावीत.